बिराप्पाने मोजलेला वेग

माळपेठेच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. एवढ्या काळात आलं ते बहुतेक पत्र होतं आणि गेलं तेही पत्रच होतं. मधल्या मधे गावात काही घडलं असेल, तर त्याला नगरपालिका जबाबदार नाही. हे चेष्टेनं म्हणतोय असं वाटेल, पण हे वाक्य मी स्वतःच्या हातानं निदान चाळीस उत्तरांत लिहिलेलं आहे.

बिराप्पा आमच्या रस्तेखात्यात होता. आटपाडीच्या पलीकडच्या माळावरचा धनगर. बावन-त्रेपन्नच्या दुष्काळात कळप संपला, तेव्हा बायकोला घेऊन माळपेठेत आला आणि रोजावर लागला. काम एकच, खड्ड्यात मुरूम टाकायचा आणि धुमसानं ठोकायचा. बारा वर्षं त्यानं ते मन लावून केलं. मेंबर लोक निवडणुकीच्या भाषणात रस्त्यांबद्दल जे काही सांगायचे, ते सगळं एकटा बिराप्पा फावड्यानं करत असे. उंच, वाळका माणूस. डोक्याला तांबडा पटका आणि खांद्यावर बारा महिने घोंगडं. वयानं माझ्या वडिलांएवढा होता, पण मजुराला ‘अहो’ म्हणायची आमच्या कचेरीत पद्धत नव्हती, म्हणून मीही त्याला अरे-तुरे करायचो. आज त्याची लाज वाटते.

त्याच्या बायकोचं नाव हरणाबाई. गावात आल्याच्या दुसऱ्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. त्यांचं खोपटं विट्याच्या रस्त्याला, गावाच्या अगदी तोंडाशी होतं आणि पाण्याचा नळ रस्त्याच्या पलीकडे. नळ सकाळी सातला यायचा. बिराप्पाची हजेरी साडेसहाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे पाणी आणायचं ते हरणाबाईनंच. डोक्यावर घागर, काखेत कळशी, मान वळवायची सोय नाही आणि हॉर्न ऐकू येत नाही. रस्त्याला तिथंच वळण आणि उतार. विट्याकडून येणारे ट्रक, एसटी, जीपगाड्या उतारावर इंजिन बंद करून सुसाट यायच्या. तेवढंच डिझेल वाचतं, म्हणे.

एकोणीसशे पासष्टच्या आषाढात एक ट्रक हरणाबाईच्या घागरीला घासून गेला. घागर चेपली, बाई वाचली. दुसऱ्या दिवशी बिराप्पा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

“भाऊसाहेब, तितं एक पाटी लावा.”

“कसली पाटी?”

“गाड्या हळू हाणा म्हून. सांगलीत हायती की तसल्या. म्या बघितल्यात. ती एक दिस जाईल बगा चाकाखाली. तिला म्या आरडलो तरी कळत न्हाई.”

मी म्हटलं, नळच अलीकडे घेऊ या. पण नळ पाणीखात्याचा आणि पाटी रस्तेखात्याची. पाणीखात्याचे मेंबर आणि प्रेसिडेंट यांचं त्या वर्षी बोलणं बंद होतं. त्यामुळे पाटीच सोपी पडणार होती. मी त्याचा अर्ज लिहिला, त्यानं अंगठा उठवला. आकडे त्याला येत होते, अक्षर मात्र एकही येत नव्हतं.

अर्ज सभेपुढे आला. प्रेसिडेंट होते हंबीरराव. गावातली एकुलती एक खाजगी जीप त्यांची. पाटी लावायला कुणाचाच विरोध नव्हता, कारण पाटीवर उद्‌घाटनाची तारीख आणि नाव घालता येतं. अडलं ते आकड्यावर. एका मेंबरनं ताशी पाच मैल सुचवलं, त्याचे घोड्याचे टांगे भाड्यानं चालायचे. हंबीररावांनी तीस म्हटलं, कारण पंचविसाच्या खाली जीप जीपसारखी दिसत नाही. तिसऱ्यानं उठून सरकारचा हुकूम दाखवला, की आता मैल गेले, किलोमीटर आले. त्यावर हंबीरराव म्हणाले, “माझ्या जीपच्या काट्यावर मैल हायत. किलोमीटरनं पळवायची तर ती कळायची कशी?” दीड तास हे चाललं. चहा दोनदा आला.

शेवटी आमचा ओव्हरसियर नाथाजी उठला. शिराळ्याचा तरुण पोरगा, सांगलीला शिकलेला आणि शिकलेलं अजून न विसरलेला. त्यानं सांगितलं, की शास्त्रशुद्ध रीत अशी: वेगाची मर्यादा मनानं ठरवायची नसते. आधी त्या रस्त्यावर गाड्या किती वेगानं जातात ते आठवडाभर मोजायचं. बहुतेक लोक ज्या वेगानं जातात, तोच वेग साधारण योग्य समजायचा. त्याच्या जवळपास पाटी लावायची.

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. रोग्याच्या अंगात किती ताप आहे ते बघायचं आणि तेवढाच ताप बरा असं ठरवायचं, त्यातलाच हा प्रकार. पण सभेला ही रीत फार आवडली. आकडा कुणालाच ठरवावा लागणार नव्हता. ठराव एकमतानं पास झाला.

नाथाजीनं वळणाच्या अलीकडे रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मधे बरोबर अठ्ठ्याऐंशी फूट. हायस्कूलच्या ड्रिल मास्तरांकडून धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ आणलं. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की दाबायचं, दुसऱ्या रेघेवर आलं की परत दाबायचं. जितके सेकंद होतील त्यानं साठाला भागलं, की ताशी मैल निघतात. इतकं सोपं. फक्त सात दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथं बसणार कोण? नाथाजीला नागपंचमीला, नागांच्या जत्रेसाठी, गावी जायचं होतं आणि शिराळ्याच्या माणसाला त्या दिवसांत रजा नाकारायची हिंमत सांगली जिल्ह्यात कुणाची नाही. कारकुनांपैकी एकाचं पोट बिघडलं, एकाची सासू आजारी पडली. मी स्वतः कोणतं कारण सांगितलं ते आता आठवत नाही, पण सांगितलं.

राहिला बिराप्पा. तो आनंदानं तयार झाला. पाटी त्याचीच, रस्ता त्याच्याच दारातला. नाथाजीनं त्याला घड्याळ शिकवलं, वही दिली आणि बजावलं, “चाकाकडं बघायचं, घड्याळाकडं बघायचं, आकडा मांडायचा. दुसरं काही करायचं नाही.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याआधी तीन वर्षं, पाऊस ओढलेला असताना, बिराप्पानं कचेरीच्या पायरीवर बसून वाऱ्याकडं बघत सांगितलं होतं, की परवा पडेल. आणि परवा पडला. धनगराला वारं कळतं, ढग कळतात, असा आमच्याकडं समज आहेच. त्याचा बाप बिरोबाच्या जत्रेत पाऊसपाण्याची भाकणूक सांगायचा, हीही माहिती कुणीतरी काढली. तेव्हापासून बिराप्पाचा शब्द गावोगाव झाला. नंतरचे त्याचे पाच-सहा अंदाज साफ चुकले, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. एरवी तो गावातल्या बोळांत खड्डे भरत असायचा, सापडायचा नाही. आणि पासष्टच्या श्रावणात तर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाजरी उगवून करपायला लागली होती. अशा वेळी हा माणूस विट्याच्या हमरस्त्यावर, मुरमाच्या ढिगावर, घोंगडं अंथरून आठवडाभर बसला.

पहिल्याच दिवशी विट्याकडून ट्रक आला. वळणावर ड्रायव्हरला बिराप्पा दिसला. त्यानं ब्रेक दाबला आणि मान बाहेर काढली.

“आवं मामा! कवा पडतूय?”

बिराप्पानं घड्याळ दाबलेलं होतं. चाकावरची नजर न काढता तो म्हणाला, “वारं अजून फिरलं न्हाई रं. पौर्णिमेच्या म्होरं बघू.”

“लय लांबलं गड्या,” म्हणत ट्रक हळूहळू दुसऱ्या रेघेवरून गेला. बिराप्पानं घड्याळ दाबलं, आकडा मांडला, एकोणीस.

हे सात दिवस चाललं. एसटी आली की ड्रायव्हर विचारायचा आणि खिडक्यांतून पाच-सहा डोकी उत्तर ऐकायला बाहेर यायची. मोटारसायकलवाले पाय टेकवून उभे राहायचे. कुणाची शेळी खात नव्हती, कुणाच्या बैलाच्या खुरात किडे पडले होते, त्याचंही औषध लगे हात विचारलं जायचं. मीही पाचव्या दिवशी बघायला गेलो होतो. त्यात हंबीररावांची जीप आली ती थेट थांबलीच. साहेब खाली उतरले, बिराप्पाबरोबर आभाळाकडं बघत उभे राहिले आणि चार मिनिटांनी गेले. बिराप्पानं इमानानं दोनशे पन्नास सेकंद लिहिले.

त्याच वेळी, सात वाजता, हरणाबाई घागर घेऊन रस्ता ओलांडत होती. दोन्ही बाजूंच्या गाड्या गोगलगायीसारख्या चालल्या होत्या. ती मधेच थांबून नवऱ्याकडं बघून हसली. तो आठवडा ती निर्धास्त होती.

मी वही चाळली आणि हादरलो. शेजारी बसून हलक्या आवाजात म्हटलं, “बिराप्पा, अरे हे काय करून ठेवलंस? हे आकडे बघून सभा म्हणेल की इथं कुणी जोरात जातच नाही. तुझी पाटी गेली. लोक तुला विचारायला हळू करतात, हे कळत नाही का तुला?”

“कळतंय की.”

“मग झुडपाआड बस. नाहीतर कमी सेकंद लिही. तीन लिही, चार लिही. मी काही बोलणार नाही.”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी त्याचं काही चोरलंय. “भाऊसाहेब, म्या दुसऱ्याची मेंढरं राखल्यात. सांजच्याला वाड्यात मोजून द्याची. येक कमी न्हाई, येक जादा न्हाई. मोजायचं म्हंजे मोजायचं. खोटं कसं लिवू?”

“निदान उत्तर तरी देऊ नकोस.”

“तळमळून इच्चारत्यात. त्यांचं पीक जळाय लागलंय. तोंड फिरवून बसू व्हय?”

मी उठून आलो.

नाथाजी गावाहून परतला, त्यानं आकडेमोड केली. एक मिनिटाहून जास्त वेळ घेतलेल्या गाड्या ‘उभ्या’ समजून वगळल्या. बाकीच्यांची सरासरी आली पंधरा सेकंद. साठ भागिले पंधरा, चार. ताशी चार मैल. म्हैस पाण्यावर निघाली की याहून जोरात जाते. नाथाजीला शंका आली होती, पण त्याची रीत शास्त्रशुद्ध होती आणि शास्त्रशुद्ध रीतीनं आलेल्या आकड्यावर शंका घ्यायला पुस्तकात जागा नव्हती. मला कारण माहीत होतं. अहवालाची सुबक प्रत मीच लिहिली. खाली चार ओळींची टीप लिहायची, की मोजणारा इसम लोकांच्या ओळखीचा असल्यानं गाड्या हळू झाल्या, एवढंच काम होतं. पण टीप लिहिली की खुलासा मागतात, खुलासा दिला की चौकशी लागते आणि माझी बढती तेव्हा फायलीत होती. मी टीप लिहिली नाही.

सभेत अहवाल वाचला गेला तेव्हा मेंबरांचे चेहरे उजळले. एवढं शिस्तीचं गाव आपलं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. हंबीरराव म्हणाले, “लोक चारनं जात्यात आणि आपण पंधराची पाटी लावायची? म्हंजे आपणच लोकास्नी चौपट पळवाय शिकवायचं की!” या युक्तिवादात चूक काढणारा एकही माणूस सभागृहात नव्हता. वेगमर्यादेची गरज नाही, असा ठराव झाला. वर नागरिकांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. तोही मीच लिहिला, वळणदार अक्षरात.

बिराप्पाला मी सांगितलं तेव्हा तो नुसता “बरं” म्हणाला. नाथाजीला मात्र कुठंतरी टोचलं असावं. त्यानं बिराप्पाचं काम गावातून काढून त्याच वळणावरच्या खड्ड्यांना लावलं, सकाळची हजेरीही तिथंच मांडायला लावली. त्यामुळं पुढचे तीन आठवडे बरे गेले. गाड्या यायच्या, हळू व्हायच्या, पावसाचं विचारून जायच्या. मेंबर लोक येता-जाता ते बघायचे आणि ठराव किती बरोबर होता याची एकमेकांना आठवण करून द्यायचे.

मग भाद्रपदात पाऊस पडला. सलग चार दिवस पडला. ओढ्याला पाणी आलं, करपलेली बाजरी पुन्हा उभी राहिली, देवळात गूळ-खोबरं वाटलं. गावात असा आनंद मी फार वर्षांनी बघितला.

आणि त्यानंतर बिराप्पाला कुणी काही विचारायचं राहिलं नाही. वळणावर तो फावडं घेऊन उभा असायचा. ड्रायव्हर लांबूनच हात वर करायचे आणि त्याच जोरात उतारावरून निघून जायचे.

पाऊस उघडल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी, सातच्या सुमाराला, सिद्धू नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक उतारावरून आला. हरणाबाई घागर घेऊन निम्म्या रस्त्यात होती. बिराप्पा तिच्यापासून शंभर पावलांवर होता. तो ओरडला. तो ओरडला ते अर्ध्या गावानं ऐकलं, फक्त तिनं ऐकलं नाही. तिला मिरजेला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सिद्धू वाईट माणूस नव्हता. मोजणीच्या आठवड्यात तो रोज दोनदा थांबून पाऊस विचारायचा. चावडीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. पण ट्रक ज्यांचा होता त्यांनी त्याला चांगला वकील दिला आणि वकिलानं रडायचं बंद करायला सांगितलं.

खटल्यात वकिलानं आमच्या कचेरीचा अहवाल मागवला. तो घेऊन मलाच जावं लागलं. मला एकच प्रश्न विचारला, अक्षर तुमचंच का? मी होय म्हटलं. यापुढं बोलायला मला कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. कारकुनाला ही सवय फार लवकर लागते.

मग बिराप्पाला उभं केलं.

“हे आकडे तूच मोजलेस?”

“व्हय.”

“खरे आहेत का खोटे?”

“खरं हायत.”

“म्हणजे त्या वळणावर गाड्या ताशी चार मैलांनी जातात. मग हा ट्रक भरधाव होता असं तू सांगतोस, ते खोटं?”

“त्ये बी खरं हाय.”

“अरे, दोन्ही खरं कसं असेल?”

बिराप्पा मग म्हणाला, “तवा पाऊस न्हवता, सायेब.”

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकांवरचे लोक एकमेकांना टाळ्या देत होते. वकिलानं हात पसरून न्यायासनाकडं बघितलं, की यावर मी आणखी काय बोलू? त्या खोलीत पूर्ण सत्य बोललेला तो एकटा माणूस होता आणि ते सत्य आहे हे जाणणारा दुसरा माणूस मी होतो. मी मान खाली घालून बसलो. हसलो नाही, एवढंच काय ते माझं पुण्य. सिद्धू सुटला.

बिराप्पा कामावर येत राहिला. पुढं तो फारसं बोलेनासा झाला. पावसाचं कुणी विचारलंच तर “न्हाई ठावं” म्हणायचा. खड्डे मात्र पहिल्यासारखेच भरायचा, मुरूम ठोकून ठोकून.

अडुसष्ट साली वरून एक छापील परिपत्रक आलं. गावाच्या हद्दीत सगळीकडं एकच वेगमर्यादा, ताशी चोवीस किलोमीटर, आणि महिनाभरात पाट्या लावून अहवाल पाठवा. सभेत यावर दोन मिनिटंही चर्चा झाली नाही, कारण विचारलंच नव्हतं. पाट्या सांगलीहून रंगवून आल्या. विट्याच्या रस्त्याची पाटी रोवायला बिराप्पा आणि ती जागेवर लागली म्हणून सही करायला मी, असे आम्ही दोघं गेलो.

त्यानं पहारीनं खड्डा घेतला. तीन फूट पुरे होते, त्यानं साडेचार घेतला. खांब उभा केला, दगड भरले, ठोकले. मग घाम पुसत पाटीकडं बघून विचारलं, “काय लिवलंय, भाऊसाहेब? आकडा वाचला म्या. चोवीस.”

“ताशी चोवीस किलोमीटरपेक्षा जोरात जायचं नाही.”

“ह्यो आकडा कुणी मोजला?”

“कुणी नाही. वरून आलाय.”

“आपल्या रस्त्यावर कोन बसलं न्हवतं मोजाय?”

“नाही. सगळ्या गावांना एकच. नुसता ठरवला.”

समोर नळाला पाणी आलं होतं, दोन-तीन बाया भांडी लावून उभ्या होत्या.

“असा नुसता ठरीवता येत हुता,” तो म्हणाला, “तर मग तवा मला का मोजाय लावलं?”

मी कागदावर सही केली. पाटी जागेवर लागली, असं त्यात लिहिलं होतं.